सारांश पाठ आहे, तरी इंग्रजी साहित्यात मार्क का जातात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी दहावीत, केंद्रीय बोर्ड. इंग्रजीच्या सगळ्या धड्यांचे आणि कवितांचे सारांश तिला तोंडपाठ आहेत, घरी दोन गाईडं आहेत, क्लासच्या नोट्स वेगळ्या. तरी चाचणीत साहित्याच्या विभागात 40 पैकी 19 मिळाले. ती म्हणते, कविता मला कळतच नाही. तुम्ही विचारलंय की तिसरं गाईड कोणतं घ्यावं, आणि आम्ही दोघं मराठी माध्यमात शिकलेलो, आम्ही तिला मदत करू शकतो का.

मी 22 वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते आहे. तुमच्यासारखी चिठ्ठी दरवर्षी चार-पाच पालकांकडून येते, म्हणून सविस्तर लिहिते.

तिसरं गाईड घेऊ नका. मुलीला अभ्यास कमी पडलेला नाही, तिने अभ्यास केला तो मूळ मजकुराचा नव्हे, दुसऱ्या कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीचा केला. सारांश म्हणजे कवितेत काय घडतं ते. साहित्याच्या पेपरात त्यापुढचं विचारतात. हे असंच का सांगितलं, हाच शब्द का आला, ही ओळ इथेच का तुटली. सारांश कितीही पक्का असला तरी त्यात या प्रश्नांची उत्तरं नसतात, कारण सारांश करताना पहिल्यांदा गळतात ते कवीचे शब्दच.

अर्थात काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तिची अडचण वाचण्याची आहे की लिहिण्याची, हे आधी तपासा. गाईड बाजूला ठेवा, एक कविता तिला मोठ्याने वाचायला सांगा आणि काय वाटलं ते मराठीत बोलायला सांगा. मराठीत ती नीट बोलली, एखाद्या ओळीवर बोट ठेवून काही सांगू शकली, तर तिची समज शाबूत आहे आणि काम फक्त इंग्रजी वाक्यांवर करायचं आहे. मराठीतही ती गाईडमधलंच बोलली किंवा गप्प बसली, तर काम वाचनापासून सुरू करावं लागेल आणि त्याला जास्त वेळ लागेल. दुसरं, शाळेतल्या चाचण्या. काही शिक्षकांना त्यांनी लिहून दिलेलंच उत्तर हवं असतं. तसं असेल तर मी सांगते त्या पद्धतीने शाळेतले मार्क लगेच वाढतीलच असं नाही. बोर्डाच्या पेपरात मात्र तपासणारा मुद्दे पाहतो, ठराविक वाक्यं शोधत नाही.

हे मी ठामपणे सांगते कारण सुरुवातीची काही वर्षं मीही उत्तरं फळ्यावर लिहून देत असे. चाळीस वह्यांत चाळीस सारखी उत्तरं. मग एका परीक्षेत प्रश्न थोडा फिरवून आला आणि चाळीसच्या चाळीस मुलांनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सुंदर अक्षरात लिहिलं. त्या पेपरांचा गठ्ठा तपासताना फार वाईट वाटलं होतं, कारण त्यातली निम्मी मुलं स्वतःच्या डोक्याने लिहू शकली असती. त्यानंतर मी उत्तरं देणं थांबवलं.

आता प्रत्यक्ष कवितेकडे येते. तुमच्या मुलीच्या ‘फर्स्ट फ्लाइट’ या पुस्तकात रॉबर्ट फ्रॉस्टची ‘डस्ट ऑफ स्नो’ आहे. 1923 च्या संग्रहातली, आठ ओळींची. कुठल्याही नोट्समध्ये तिचा सारांश दोन वाक्यांत असतो: कवी उदास होता, कावळ्याने झाडावरचा बर्फ अंगावर पाडला, कवी आनंदी झाला, निसर्ग आपलं दुःख दूर करतो. हे लिहून तिला तीनपैकी एक-दीड मार्क मिळत असणार.

तीच कविता मी वर्गात कशी घेते ते सांगते. पहिली सूचना, पूर्णविराम कुठे आहे ते शोधा. मुलं शोधतात आणि थबकतात, कारण तो शेवटीच आहे. आठ ओळींचं हे एकच वाक्य आहे. मग विचारते, या वाक्याचा कर्ता कोण? बहुतेक जण म्हणतात कावळा. काही म्हणतात बर्फ. दोन्ही नाही. वाक्य ‘द वे’ असं सुरू होतं. कावळ्याने ज्या तऱ्हेने बर्फ झटकला ती तऱ्हा हा कर्ता आहे, आणि त्याचं क्रियापद थेट पाचव्या ओळीत येतं, ‘हॅज गिव्हन’. पहिलं चार ओळींचं सगळं कडवं कर्ता सांगण्यातच जातं. इंग्रजीत सहसा कर्त्यामागे लगेच क्रियापद येतं, इथे ते अडवून धरलंय, म्हणून वाचणारा थांबून राहतो. मराठी मुलांना हे समजावणं सोपं जातं, आपल्याकडे क्रियापदाची वाट पाहायची सवय जन्मापासूनची असते.

एवढं कळलं की कवितेचा अर्थ बदलतो. कवीचं मन हलवणारी वस्तू फार मोठी नाही. सूर्योदय नाही, इंद्रधनुष्य नाही. एका पक्ष्याने फांदीवर हालचाल केली, तिची तऱ्हा. इतक्या किरकोळ गोष्टीने माणूस सावरतो, हे सांगायला शब्दही तसेच किरकोळ घेतलेत. मोजून पाहायला सांगा. 34 शब्द आहेत आणि ‘हेमलॉक’ व ‘गिव्हन’ हे दोन सोडले तर बाकी सगळे एकाच उच्चारात संपतात.

आता तिला ‘सम पार्ट’ हे शब्द दाखवा. फ्रॉस्ट म्हणतो, दिवसाचा काही भाग वाचला. पूर्ण दिवस नाही. जवळपास प्रत्येक गाईडमध्ये ‘कवीचा दिवस आनंदी झाला’ असं असतं आणि ते चूक आहे. झालेला दिवस हातातून गेला आहे, त्याची हळहळ आहे, त्यातला एक तुकडा वाचला. मला ही कविता आवडते ती या प्रामाणिकपणासाठी. तुमच्या मुलीने उत्तरात फक्त ‘सम’ या एका शब्दावर दोन वाक्यं लिहिली तरी तपासणाऱ्याला कळतं की ही मुलगी मूळ कविता वाचून आली आहे.

कावळ्याकडे येऊ. इंग्रजी परंपरेत हा पक्षी बहुधा अशुभाच्या बाजूला असतो, म्हणून मदत अनपेक्षित ठिकाणाहून आली, असा मुद्दा शिक्षक सांगतात आणि तो योग्य आहे. आपल्या मुलांच्या डोक्यातला कावळा मात्र वेगळा असतो. तो पिंडाला शिवतो, आणि तोच दारात ओरडला की पाहुणा येतो. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत ‘पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे’ असं म्हटलंय, तिथे कावळा चांगली बातमी आणणारा आहे. मी मुलांना हे बोलू देते. आपल्या घरातून आणलेला अर्थ परक्या कवितेशेजारी ठेवला की कविता जवळची होते. फक्त उत्तर लिहिताना आधार कवितेतल्या शब्दांचाच घ्यायचा, एवढी शिस्त पाळायची.

आणि हेमलॉक. ‘हे विषारी झाड आहे, सॉक्रेटिसला याचंच विष दिलं होतं’ असं मुलं सर्रास लिहितात, कारण तसं छापलेलं असतं. सॉक्रेटिसचं हेमलॉक म्हणजे गाजराच्या कुळातलं एक झुडूपवजा रोप. फ्रॉस्टच्या अमेरिकेतलं हेमलॉक हा उंच सूचिपर्णी वृक्ष आहे, तो विषारी नाही. नावातला काळोख कवीने मुद्दाम वापरला असेल असं म्हणता येतं, झाडच विषारी आहे असं म्हणता येत नाही. ‘नावामुळे विषाची आठवण येते’ एवढंच लिहिलं तर ते खरंही आहे आणि मार्कही जात नाहीत. शेवटचा ‘रूड’ (rued) हा शब्दही गंमतीचा आहे. ‘रू’ म्हणजे पस्तावणं, हळहळणं. याच नावाची एक कडू वनस्पती आहे, आपल्याकडे तिला सताप म्हणतात. परीक्षेत हे लिहायची गरज नाही, पण ज्या मुलांना शब्दांच्या मुळाशी जायला आवडतं त्यांना मी नक्की सांगते.

हा शब्द ‘मूड’शी यमक जुळवतो, पण दिसायला दोघांची स्पेलिंगं वेगळी. म्हणून म्हणते, कविता डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा. घरात कविता म्हणायला लाज वाटते अशी मुलं पुष्कळ असतात. तुम्ही ऐकायला बसलात तर तिची लाज जाईल.

अलंकारांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथेही पुष्कळ मार्क वाया जातात. ‘या ओळीत अनुप्रास आहे’ असं लिहून मुलं पुढे जातात. ते फक्त नाव झालं. मराठी व्याकरणात ‘मुंबईची घरे मात्र लहान, कबुतराच्या खुराड्यासारखी’ हे उपमेचं उदाहरण आपण सगळ्यांनी पाठ केलं. उपमा ओळखली, मार्क मिळाला. पण खुराडंच का? कारण त्यात फक्त लहानपणा नाही, दाटीवाटी आहे, कोंडलेपण आहे, आणि माणसाला कुणीतरी पाळलंय अशी भावना आहे. ‘लहान डबीसारखी’ म्हटलं असतं तर हे आलं नसतं. इंग्रजीच्या पेपरात हा ‘का’ हवा असतो. तिच्याच पुस्तकात प्राणिसंग्रहालयातल्या वाघाची कविता आहे, त्यात ‘क्वायट रेज’ असे दोन शब्द जोडून येतात. विरोधाभास, एवढं लिहून थांबू नये. संताप शांत का आहे? गुरगुरून ऐकणारं कुणी नाही, पिंजरा चार पावलांचा आहे, आणि मऊ पंजांमुळे चालण्याचाही आवाज येत नाही. हे तिला मराठीत सुचलं की इंग्रजीत लिहिणं फार अवघड नसतं.

गद्याची गोष्ट थोडी निराळी. कविता कळत नाही म्हणून मुलं घाबरतात, गद्य कळलं असं वाटतं म्हणून ती फसतात.

पहिलाच धडा घ्या, ‘अ लेटर टू गॉड’. लेखक मेक्सिकोचे, ग्रेगोरिओ लोपेझ इ फुएन्तेस. लेंचो नावाचा शेतकरी, गारपिटीने पीक जातं, तो देवाला पत्र लिहून 100 पेसो मागतो, पोस्टमास्तर वर्गणी काढून 70 जमवतो, आणि लेंचो पुढच्या पत्रात लिहितो की उरलेले पाठव, पण टपालाने नको, पोस्टातली माणसं चोर आहेत. गोष्ट एवढीच, आणि ती सगळ्यांना येते. आता तिला एक काम द्या. पेन्सिल घेऊन धड्यात पैसे, नाणी जिथे जिथे येतात तिथे खूण कर.

पहिली खूण पावसात सापडेल. लेंचो म्हणतो, हे थेंब नाहीत, नवी नाणी आहेत, मोठे थेंब दहाचे आणि छोटे पाचचे. पुढे गारा पडू लागतात तेव्हा लेखक सांगतो की या गारा मात्र खरोखरच चांदीच्या नव्या नाण्यांसारख्या दिसत होत्या. आशेच्या वेळी वापरलेलीच उपमा नाशाच्या वेळी परत आली, आणि तेव्हा ती जास्त नेमकी बसली. मग पत्रातले 100. मग पाकिटातले 70. आभाळातून पैसे पडतील हे पहिल्या पानावर बोललेलं वाक्य शेवटच्या पानापर्यंत चालत येतं. हे धाग्यासारखं ओढून दाखवता आलं की सहा मार्कांच्या उत्तराला कणा मिळतो. कुठल्याही सारांशात हे नसतं, कारण सारांश लिहिणाऱ्याला नाण्यांची उपमा हे सजावटीचं काम वाटतं.

दुसरा प्रश्न, वाचकाला काय माहीत आहे आणि लेंचोला काय माहीत नाही? लेखक कुठेही ‘बघा, कसा गैरसमज झाला’ असं म्हणत नाही. लेंचो पैसे पाहून जराही चकित होत नाही, मोजल्यावर चिडतो, तिथेच खिडकीशी कागद आणि शाई मागतो. पोस्टमास्तरने स्वतःच्या पगारातला भाग घातला हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून शेवटचं पत्र आपल्याला दोन्ही बाजूंनी लागतं, हसूही येतं आणि कळवळाही वाटतो. पेपरात ‘आयरनी’ म्हणून जे विचारतात ते हेच. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे अंतर दाखवलं तर पुरे.

लेंचो कृतघ्न आहे का, यावर मी दरवर्षी वर्गात वाद घालू देते. एका वर्षी गारपिटीत द्राक्षबाग गेलेल्या घरातला एक मुलगा होता, एरवी बोलायचा नाही. तो म्हणाला, मॅडम, पीक गेल्यावर माणूस किती पैसे हवेत ते मोजूनच मागतो, कमी आले तर त्याला हिशेबच दिसतो, आभार नंतर सुचतात. त्याच्या उत्तरात इंग्रजीच्या चुका होत्या. तरी वर्गातलं सर्वांत चांगलं उत्तर तेच होतं, कारण त्याने ते धड्यातल्या हिशेबाला जोडलं होतं: लेंचोने 100 मागितले तेही पुन्हा पेरणी करायला आणि पीक येईपर्यंत जगायला, हे पत्रातच लिहिलंय. तुमच्या मुलीलाही तिचं मत असू द्या. मत कोणतंही असलं तरी मार्क मिळतात, त्याखाली धड्यातला आधार हवा.

एक बारीक सावधगिरी. हा धडा अनुवाद आहे, मूळ स्पॅनिश. अॅन फ्रँकच्या डायरीतला धडाही अनुवादच, मूळ डच. अशा ठिकाणी प्रतिमा, घटना, बोलणाऱ्याचा सूर यावर लिहावं. अमुक इंग्रजी शब्दाच्या नादावर किंवा अनुप्रासावर मोठा मुद्दा उभारू नये, तो नाद अनुवादकाचा असू शकतो.

आता उत्तर लिहिणं. सध्याच्या पेपरात साहित्याच्या 40 मार्कांत उताऱ्यांवरचे 10, मग 40-50 शब्दांची तीन मार्कांची सहा उत्तरं आणि 100-120 शब्दांची सहा मार्कांची दोन. म्हणजे शब्द फार थोडे मिळतात. मुलं त्यातले पहिले तीस शब्द कवीचं नाव, कवितेचं नाव आणि ‘ही एक सुंदर कविता आहे’ यात घालवतात. ते सगळं कापायचं. पहिल्या वाक्यात प्रश्नाचं थेट उत्तर. दुसऱ्यात त्याला आधार देणारे दोन-तीन शब्द, अवतरण चिन्हांत, मूळ जसे आहेत तसे. तिसऱ्यात त्या शब्दांमुळे काय होतं. पूर्ण ओळ उतरवायची गरज नसते, ‘सम पार्ट’ एवढेच दोन शब्द पुरतात. सहा मार्कांच्या उत्तरात हीच जोडी तीनदा येते, आणि शक्य असेल तर प्रत्येक आधार धड्याच्या वेगळ्या भागातला. सगळे आधार पहिल्या पानावरचे असले की पुढे वाचलंय का अशी शंका येते.

आणि प्रश्नातला शब्द. ‘कसं’ विचारलं असेल तर ‘काय’ लिहू नये. हे वाचायला फार सोपं वाटतं, पण मी तपासलेल्या पेपरांत सर्वाधिक मार्क याच एका चुकीने गेलेत. उत्तर लिहायच्या आधी प्रश्नातल्या त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल, तुम्ही मराठी माध्यमातले म्हणून मदत कशी करणार. तुम्ही शाळेत ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ लिहिलं असेल, कवितेचं रसग्रहण केलं असेल. तुमची मुलगी आज जे लिहिते आहे ते तेच आहे. संदर्भ म्हणजे ओळ कुठली आणि कधीची, स्पष्टीकरण म्हणजे ती तशी का. तुमचं इंग्रजी कसं आहे याचा इथे संबंध नाही. तिने कविता वाचली की तुम्ही मराठीत विचारा: यात तुला कुठला शब्द वेगळा वाटला? तो काढून दुसरा घातला तर काय बिघडेल? बोलणारा माणूस सुरुवातीला होता तसाच शेवटी आहे का? उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला ठरवायचं नाही. ‘कुठे लिहिलंय, दाखव’ एवढंच म्हणायचं. ती पुस्तकात बोट ठेवायला लागली की काम सुरू झालं.

घरातली गाईडं फेकू नका. आधी मूळ वाचन, मग तिचं स्वतःचं चार ओळींचं उत्तर, आणि त्यानंतर गाईड उघडून आपल्याकडून काय राहिलं ते पाहणं, हा क्रम ठेवा. गाईडातली एखादी गोष्ट तिला चुकीची वाटली तर वहीत तसं लिहू द्या. ‘दिवस आनंदी झाला’ हे वाक्य ती स्वतः खोडेल तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे जरूर बघा.

बोर्डाला अजून काही महिने असतील तर आठवड्याला एक कविता आणि एक धडा एवढंच करा, रोज अर्धा तास. महिनाच उरला असेल तर सगळं नव्याने वाचायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक कवितेतले तीन आणि प्रत्येक धड्यातले पाच नेमके शब्द निवडून त्यावर बोलायचा सराव करा. चार-पाच दिवसांतून एकदा घड्याळ लावून दोन उत्तरं लिहून घ्या, कारण समजलेलं वेळेत लिहिणं हा वेगळा सराव आहे.

सुरुवात ‘डस्ट ऑफ स्नो’नेच करा, आठ ओळी आहेत. घरात आजी असतील तर आधी त्यांना मुलीसमोर विचारा, सकाळी दारात कावळा ओरडला की तुम्ही काय म्हणता. मग तिला कविता मोठ्याने वाचू दे. त्यानंतर तिने जे चार ओळींत लिहिलं असेल ते इथे टाका, चुका दुरुस्त न करता. मी वाचून सांगते.